डासताईंनी मागे घेतलेली नावं

डासताई हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. मी खात्यात लागलो तेव्हा ते पक्कं झालेलं होतं, आणि फोन उचलल्यावर त्या स्वतःच म्हणायच्या, "हां, डासताई बोलतेय, बोला." नगरपालिकेच्या आरोग्य विभागात डास निर्मूलनाची शाखा आहे. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, दोन खिडक्यांची एक खोली. एका खिडकीपाशी माझं टेबल. धुराची गाडी कुठल्या दिवशी कुठल्या गल्लीत जाणार त्याचं वेळापत्रक मी करतो. दुसऱ्या खिडकीपाशी त्या बसतात. त्यांच्या टेबलावर कार्यालयाचा मोबाइल, एक जुना संगणक, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि पडदा पुसायला बनियनचा तुकडा.

काम ऐकायला सोपं होतं. कुणाला घरात डास किंवा पिंपात अळ्या दिसल्या की त्याने फोटो काढून त्या मोबाइलवर पाठवायचा. ताईंनी डास कोणता ते ओळखायचं, आणि धोक्याचा असला तर माझ्याकडे चिठ्ठी सरकवायची. योजना सुरू करताना साहेबांना वाटलं होतं, दिवसाला पाचसात फोटो येतील. पहिल्याच आठवड्यात चारशे आले. त्यातले निम्म्याहून जास्त एकाच प्राण्याचे: डासासारखा, पण डासाच्या कितीतरी पट मोठा, बाथरूमच्या भिंतीवर सगळे पाय फाकवून बसलेला. खाली मजकूरही ठरलेला. "केवढा हा डास! ताबडतोब माणूस पाठवा." "घरात लहान बाळ आहे." "हा चावला तर माणूस वाचेल का?"

तो डास नव्हताच. ती एक माशी. इंग्रजीत तिला क्रेन फ्लाय म्हणतात. चावत नाही, रक्त पीत नाही, थोडे दिवस भिंतींना धडकत भेलकांडते आणि मरते. पाय इतके लांब आणि इतके कच्चे, की नुसतं फडकं लागलं तरी तुटून येतात. ताईंनी तिचं नाव लांबटांगी ठेवलं, आणि ते आमच्या खोलीत रुळलं.

साहेब म्हणाले, "'हा डास नाही' एवढं लिहा आणि तक्रार बंद करा. डोकं लावू नका."

वर्षभर ताईंनी डोकं लावलं नाही. दिवसाला चाळीस वेळा त्या 'हा डास नाही' लिहीत. मग एक दिवस कालव्याकडच्या वस्तीतून एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"बाई, हा डास नाही हे कळलं. मग कोण आहे?"

"डास नाही एवढं नक्की, काका."

"ते कोण नाही ते झालं. मी उद्या तुमच्या कचेरीत आलो आणि विचारलं, आपण कोण, तर 'मी साहेब नाही' असं सांगाल का?"

मला हसू आवरेना. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या. वर्षभर रोज जिला बघतोय तिचं नाव आपल्याला माहीत नाही, हे त्यांना लागलं.

तिथून सुरुवात झाली. जगभरातले हौशी लोक किड्यामुंग्यांचे फोटो टाकतात आणि जाणकार त्यांची नावं सांगतात, अशी एक वेबसाइट त्यांना सापडली. कॉलेजच्या ग्रंथालयातून त्यांनी लांबटांग्यांवरच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स मिळवली. शब्द अडला की मला विचारायच्या, मला कुठला येणार, मग आम्ही दोघं मिळून शब्दकोश उघडायचो. हळूहळू त्यांना दिसायला लागलं. पाठीवर व्ही अक्षरासारखी खाच. पंखांच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढी दोन बोंडं, ज्यांच्यावर माशी तोल सांभाळते. पंखावरच्या शिरा, कुठली कुठे फाटते, कुठे जुळते. "हे बघ," त्या म्हणायच्या, "ही शीर इथे वळली की घराणं वेगळं." मला दोन्ही शिरा सारख्याच दिसायच्या. मी मान हलवायचो.

दोन वर्षांत त्या वेबसाइटवर आमच्या सगळ्या भागातल्या लांबटांग्यांची नावं सांगणारी एकच व्यक्ती उरली, ती म्हणजे डासताई. लोक त्यांना हाक मारून फोटो दाखवू लागले. कार्यालयातल्या मोबाइलवरचे फोटोही, पाठवणाऱ्याची परवानगी घेऊन, त्या तिथे चढवू लागल्या.

मग त्यांच्या घरी ते झालं. त्यांचे यजमान आमच्याच नगरपालिकेत पाण्याचा टँकर चालवायचे. गडगडाटी हसणारा, दणकट माणूस. एका सकाळी टँकर भरताना त्यांचा उजवा हात लुळा पडला, मग पाय, मग जीभ. एकोणीस दिवस ते दवाखान्यात होते. ताई रजेवर होत्या, पण वेबसाइटवर त्यांची नावं येतच होती. मी फोन करून म्हटलं, "ताई, आता तरी ते सोडा." त्या म्हणाल्या, "बाकावर बसून दुसरं करू काय? तेवढंच डोकं दुसरीकडे जातं."

ते घरी आले, पण टँकर सुटला तो सुटलाच. तेव्हापासून ताईंचा दिवस पाचला सुरू होतो. त्यांना उठवणं, धुणं, भरवणं, खिडकीपाशी खुर्चीत बसवणं, लागणाऱ्या वस्तू डाव्या हाताला ठेवणं. दहाच्या ठोक्याला त्या जिना चढायच्या तेव्हा त्यांचा अर्धा दिवस संपलेला असायचा. मुलगी लांब, तिच्या संसारात. ती फोन करते. फोनवरून कुणाला अंघोळ घालता येत नाही.

या सगळ्यात लांबटांग्यांचं काम थांबलं नाही, उलट वाढलं. त्यात दोन जाती अशा होत्या की अगदी सख्ख्या बहिणी. दोघींच्या पंखाच्या पुढच्या कडेला तपकिरी पट्टा. एकीचा अरुंद, ती सगळीकडे सापडते. दुसरीचा रुंद, ती फार दुर्मिळ, असं पुस्तकात होतं. ताई त्यांना 'काठाची' आणि 'रुंद काठाची' म्हणायच्या. आणि आमच्या भागात त्यांना रुंद काठाच्या भराभर सापडू लागल्या. कालव्याकडच्या मास्तरांनी पाठवलेली माशी तर त्या बाजूची पहिली नोंद ठरली. मास्तरांनी तो फोटो मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि येईल त्याला दाखवायला लागले. वेबसाइटवर एक नकाशा असतो, त्यावर प्रत्येक नोंदीचा एक ठिपका. ताईंचे ठिपके कालव्याच्या कडेने, शेतांवरून, शेजारच्या गावांपर्यंत गेले. कधी फार दमलेल्या असल्या की त्या तो नकाशा उघडून नुसत्या बघत बसायच्या.

चौथ्या वर्षी त्यांना एका संग्रहालयातून निरोप आला. राजधानीतल्या त्या संग्रहालयात माश्यांच्या पेट्या सांभाळणाऱ्या बाईंचा. बोलायचं आहे, वेळ कधी आहे? ताईंनी जेवणाच्या सुट्टीतली वेळ दिली. त्या दिवशी त्यांनी केस नीट बांधले होते. मला म्हणाल्या, "काही बक्षीसबिक्षीस असलं तर तूही ऐक." आणि फोन स्पीकरवर टाकला.

आवाज तरुण होता, पण थकलेला. "ताई, तुम्ही रुंद काठाची म्हणून सांगितलेल्या नोंदी किती आहेत, माहीत आहे का?"

"पुष्कळ आहेत."

"दोन हजार सहाशे त्रेचाळीस. तुमच्या आधी तेवढ्या भागातून चौदा होत्या."

"बघणारं कोणी नव्हतं ना," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

त्या बाई म्हणाल्या, "पट्ट्याच्या रुंदीवरून ठरवलंत ना?"

"पुस्तकात तसंच दिलंय."

"पुस्तक सत्तर वर्षांपूर्वीचं आहे. आम्ही मागच्या वर्षी पेट्यांमधल्या सगळ्या माश्या भिंगाखाली पुन्हा तपासल्या. पट्टा वयाबरोबर पसरतो, फिका होतो. एकाच आईच्या पिल्लांमध्ये दोन्ही तऱ्हा निघतात. फोटोत तर फ्लॅश पडला, पंख तिरका असला, की काहीही दिसतं."

"मग ओळखायचं कशावरून?"

"नराच्या शेपटाच्या टोकावरून. तिथे दोन चिमटे असतात, त्यांचा आकार वेगळा. मादी असली तर सांगताच येत नाही."

ताईंनी डबा बाजूला सारला. "भिंतीवर बसलेल्या माशीचं शेपटाचं टोक फोटोत दिसतं कुठे?"

"नाही दिसत. तेच म्हणतेय मी. हजारातल्या फार तर शंभर फोटोंत दिसत असेल. ताई, तुमच्या नकाशावरून एक लेखही लिहिला गेलाय. ही माशी झपाट्याने पसरतेय, असा."

"आणि ती पसरत नाहीये."

"मला नाही वाटत."

त्या बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, असं सगळ्यांचं होतं, त्यांच्याही पहिल्या वर्षीच्या पेट्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या होत्या. या सगळ्या नोंदी इथून एका झटक्यात पुसता येतील, तुम्हाला बोटही उचलावं लागणार नाही.

"त्यातल्या काही बरोबर असतील ना?" ताईंनी विचारलं.

"असतील. पण त्या शोधायला दोन हजार फोटो पुन्हा बघत कोण बसणार?"

"मी बसते. माझ्याच आहेत."

फोन ठेवल्यावर त्यांनी डबा तसाच बंद केला. खिडकीतून खाली धुराची गाडी धुतली जात होती, तिकडे बघत म्हणाल्या, "माशी जागच्या जागी होती रे. मीच पसरत होते."

मला वाटलं, दोन दिवस करतील आणि सोडतील. माणूस चूक कबूल करतो तेव्हा दोन दिवस जोर असतो. पण ताई पाच महिने करत होत्या. सकाळी यजमान उठायच्या आधी दहा फोटो, जेवणाच्या सुट्टीत दहा, बसमध्ये चारपाच, रविवारी जमतील तितके. प्रत्येक फोटो मोठा करायचा, शेपूट शोधायचं. दिसलं नाही, की नाव काढून टाकायचं. आडनाव ठेवायचं, म्हणजे घराणं; नाव काढायचं, म्हणजे जात, असं त्या म्हणायच्या. आणि ज्याने फोटो टाकला त्याला निरोप लिहायचा. मी म्हटलं, एकच मजकूर सगळ्यांना चिकटवा. त्या प्रत्येकाला हाताने लिहायच्या. "तुमच्या माशीचं नाव मी नको तितक्या खात्रीने सांगितलं होतं. आडनाव बरोबर आहे. नाव फोटोवरून सांगता येत नाही. माफ करा."

बहुतेकांचं उत्तर आलं नाही. काहींनी 'ओके' लिहिलं. एकाने लिहिलं, "मग तुमचा उपयोग काय?" ते ताईंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "प्रश्न चांगलाय." एका मुलीचं उत्तर आलं. फोटो तिच्या वडिलांनी काढलेला होता, आणि वडील आदल्या वर्षी गेले होते. "बाबांच्या फोनवर तुमचा निरोप आला. ते असे फोटो काढायचे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. अजून आहेत का?" ताईंनी शोधून शोधून एकेचाळीस काढले आणि पाठवले. त्या दिवशी दुसरं काम झालं नाही. संध्याकाळच्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या.

मान धरायची, डोळे चुरचुरायचे. दुपारी तीनच्या सुमाराला त्या थेंब घालून मान मागे टाकायच्या आणि तशाच पाच मिनिटं बसायच्या. कुणी आलं तर मी सांगायचो, औषध घातलंय. खरं म्हणजे त्या झोपलेल्या असायच्या.

नोंदी तारखेप्रमाणे लागलेल्या होत्या, आणि तीच मोठी पंचाईत. फोटो उघडला की तो दिवसही उघडायचा. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. "हे बघ. या एकोणीस दिवसांत तीनशे बारा." मला कळेना. मग कळलं, दवाखान्यातले एकोणीस दिवस. पिवळ्या फरशीवरच्या एका माशीच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. "ही मला आठवते. डॉक्टर दारातून बाहेर आले, मी उभी राहिले, आणि उठता उठता बटण दाबलं. रुंद काठाची. बघितलंसुद्धा नाही." त्या तीनशे बारांतून बरोबर निघाल्या अकरा.

त्या आठवड्यात मी काही कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. यजमान खिडकीपाशी बसले होते. त्यांचं बोलणं आता जड येतं, पण थट्टा शाबूत आहे. ताईंनी त्यांना त्या एकोणीस दिवसांचं सांगितलेलं दिसलं.

"मी तिकडे... मरत होतो," ते मला म्हणाले, "आणि ही... माश्या बघत होती."

"तुमच्याकडे बघू कुठे देत होते," ताई त्यांच्या गळ्याशी रुमाल खोचत म्हणाल्या. "काचेपलीकडे ठेवलं होतं तुम्हाला. माशी निदान मोठी करून बघता यायची."

ते अर्ध्या तोंडाने हसले. ताईही हसल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. यजमानांनी डाव्या हाताने मला खूण केली, बस, जाऊ नकोस. मी बसलो.

मास्तरांची नोंद त्यांनी मुद्दाम मागे ठेवली होती. त्यांना निरोप लिहून चालणार नाही, असं ताईंचं म्हणणं. एका शनिवारी कार्यालय सुटल्यावर मी त्यांना माझ्या स्कूटरवर बसवून कालव्याकडे घेऊन गेलो. मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. वय ब्याऐंशी, एकटेच. आम्हाला बघून त्यांना इतका आनंद झाला की ताईंचा चेहरा पडला. त्यांनी स्वतः चहा केला, कप धुऊन पुन्हा पुसले. टेबलाच्या वर भिंतीवर ती फ्रेम. माशीचा फोटो वहीच्या पानाएवढा, खाली सुबक अक्षरात नाव, तारीख, आणि 'या भागातील पहिली नोंद'.

ताईंनी चहा संपेपर्यंत वाट बघितली नाही. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पट्टा, पेट्या, शेपूट, सगळं.

मास्तर ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी खोटं टांगून ठेवलंय."

"खोटं नाही मास्तर. माझी चूक आहे."

"चूक तुमची. भिंत माझी."

बाहेर कुणीतरी कालव्यात बादली बुडवल्याचा आवाज आला. मास्तर म्हणाले, "छत्तीस वर्षं शिकवलं. एकदा दिलेले मार्क कधी काढून घेतले नाहीत."

"चुकून जास्त दिले गेले तर?"

"तर गप्प बसायचो. पोर घरी जाऊन आईला सांगून आलेलं असायचं."

ताई म्हणाल्या, "मलाही गप्प बसता आलं असतं."

मास्तरांनी कप उचलले. आम्ही उठलो तेव्हा दारापर्यंत आले नाहीत. परतताना स्कूटरवर ताई एकदाच बोलल्या. "खड्डा बघ," म्हणाल्या.

त्यानंतर मास्तरांचे फोटो बंद झाले. आठवड्याला दोनतीन यायचे ते. ताई विचारायच्या नाहीत, पण मोबाइल वाजला की आधी कुणाचा ते बघायच्या. चौथ्या आठवड्यात टपालाने एक पाकीट आलं. आत औषधाच्या गोळ्यांची डबी, कापसावर एक मेलेली लांबटांगी, सहापैकी तीन पाय सुटे झालेले. चिठ्ठीत एवढंच: "त्याच भिंतीवर मिळाली. नर असावा. शेपूट शाबूत आहे. तपासून कळवणे."

ताईंनी डबी संग्रहालयात पाठवली. पंधरा दिवसांनी बाईंचं उत्तर आलं. नर आहे. साधी काठाची. सगळीकडे असते ती.

हे ताईंनी मास्तरांना फोनवर सांगितलं. पलीकडून "बरं" आलं. मग म्हणाले, "साधी तर साधी. पण ही तपासलेली आहे." पुढे मी त्या बाजूला फवारणीची पाहणी करायला गेलो होतो तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. फ्रेम तिथेच होती. नावाच्या ओळीवर त्यांनी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने फक्त आडनाव लिहिलं होतं. पहिली नोंद वगैरे खोडून टाकलं होतं.

पाच महिन्यांनी ताईंनी शेवटचा फोटो बंद केला. दोन हजार सहाशे त्रेचाळीसमधून उरल्या एकशे सत्त्याऐंशी. नकाशा उघडला तर कालव्याची कड रिकामी, शेतं रिकामी, इकडेतिकडे चार ठिपके. त्या बाईंनी आभाराचं पत्र पाठवलं. इतकं नीट काम संग्रहालयातही होत नाही, असं त्यात होतं. ताईंनी ते एकदा वाचलं आणि कागदांच्या गठ्ठ्यात ठेवलं. मी म्हटलं, "साहेबांना दाखवा तरी." त्या म्हणाल्या, "काय दाखवू? दोन हजार चुका सापडल्या म्हणून?"

गोष्ट इथे संपती तर बरं झालं असतं. पण पुढच्याच महिन्यात साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. कार्यालयाने फोटो ओळखणारं एक अ‍ॅप करून घेतलं होतं. माणसाने फोटो टाकायचा, ते तिथल्या तिथे उत्तर देणार. साहेब खुशीत होते. "ताई, आता तुम्हाला आराम!" ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. भिंतीवरच्या पडद्यावर एक फोटो आला. बाथरूमची निळी फरशी, तिच्यावर पाय फाकवून बसलेली माशी, वरून काढलेली. क्षणात खाली अक्षरं उमटली: डास नाही. आणि त्याखाली लॅटिन नाव, अठ्ठ्याण्णव टक्के खात्री.

ते नाव मलाही पाठ झालेलं होतं. रुंद काठाची.

टाळ्या थांबल्यावर ताईंनी अ‍ॅप करणाऱ्या मुलीला विचारलं, "याला हे कुणी शिकवलं, बाळ?"

"वेबसाइटवर नोंदी असतात ना, मॅडम, त्यावरून शिकतं. जाणकारांनी ओळखलेले फोटो."

"कधी घेतल्या त्या नोंदी?"

"झालं असेल वर्षभर."

ताई खाली बसल्या. मला वाटलं, त्या आता उठून सगळं सांगतील. त्यांनी फक्त चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. नंतर त्या मुलीला बाजूला घेऊन त्यांनी नीट समजावलं. ती चांगली होती, तिने लिहून घेतलं. म्हणाली, दुरुस्ती होईल, पण पुढच्या आवृत्तीत, म्हणजे पुढच्या वर्षी. तोवर हे असंच चालणार.

जिना चढताना ताई मधल्या पायरीवर थांबल्या. "मी नावं मागे घेतली," म्हणाल्या, "अ‍ॅप घेत नाही. माझ्यासारखंच बोलतं बघ. तितक्याच खात्रीने."

"सोडा ना ताई. लोकांना डास नाही एवढं कळलं की पुरे. रुंद की अरुंद, कुणाला पडलीय?"

"कुणालाच नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पायऱ्या चढायला लागल्या.

आता काम कमी झालं असं कागदावर दिसतं. खरं असं आहे, की अ‍ॅपने दिलेली उत्तरं ताईंच्या पडद्यावर येतात, आणि जिथे ते नाव दिसेल तिथे त्या स्वतः खाली लिहितात, "नाव फोटोवरून सांगता येत नाही." दिवसाला पन्नासेक वेळा. लोक उलट विचारतात, अ‍ॅप सांगतं ते खरं की तुम्ही? मग त्यांनाही उत्तर. नोकरीची दीड वर्षं उरली आहेत. मी एकदा म्हटलं, साहेबांना सांगून दुसऱ्या शाखेत बदली घ्या. त्या म्हणाल्या, "तिथे बसून काय करू? मला दुसरं काही दिसतच नाही आता."

गेल्या महिन्यात त्यांनी आठवडाभराची रजा टाकली. यजमानांच्या आजारानंतरची पहिलीच. कारणाच्या जागी 'घरगुती' लिहिलं. त्यांचं टेबल माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी हौसेने बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी मान आखडली, आणि डोळे मिटले तरी भिंतीवर लांब पाय दिसायला लागले. तिसऱ्या दिवशी एका फोटोत शेपूट दिसतंय की सावली आहे ते मला ठरवता येईना. सकाळचे अकरा वाजले होते. मी ताईंच्या घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलल्याचा आवाज आला, काहीतरी खाली पडलं, आणि यजमानांचा जड, दबलेला आवाज आला.

"ती... झोपलीय," ते म्हणाले. "कालपासून... झोपतेय. जेवायला उठली... परत झोपली."

"बरं नाही का?"

"बरं आहे." ते श्वास घ्यायला थांबले. "मी... उठवत नाही. तूही नको करू फोन."

मी बरं म्हणून ठेवला, आणि तो फोटो सोमवारसाठी बाजूला काढून ठेवला.